एका दिवसाचं पीठ

रंगाऱ्यांच्या गल्लीत तिला सगळे निळी म्हणत. पंचवीस वर्षं निळीच्या रांजणात सूत बुडवून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. राखेने घासून झालं, चुन्याने घासून झालं, रंग काही हटला नाही. नवरा गेल्यावर ती सासूला बरोबर घेऊन माहेरच्या गल्लीत परत आली आणि धाकट्या भावाच्या रंगशाळेत राबू लागली. भाऊ मालक, ती मजूर; पण तिने वास घेऊन होकार दिल्याशिवाय रांजणात सूत सोडायची त्याची छाती होत नसे.

त्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाला राहणारा याजक आपला कमरपट्टा न्यायला आला. माणूस जाडजूड, बोलघेवडा, आणि त्या दिवशी चांगलाच धास्तावलेला. मंदिरात त्याची सेवेची पाळी वर्षातून दोनदा यायची, आठवडाभर. आज दुपारी ती सुरू होणार होती. मागच्या पाळीत त्याने एकाचं अर्पण दुसऱ्याच नियमाने वेदीवर चढवलं होतं आणि थोरल्या याजकांनी सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेतली होती. म्हणून पट्टा पिळून होईपर्यंत तो उंबऱ्यावर बसून बोटांवर नियम घोकत होता.

“सगळ्या लोकांचं पाप असेल तर गोऱ्हा. अधिकाऱ्याचं असेल तर बोकड. साध्या माणसाचं असेल तर शेळी. आता साक्षीदार. वडीलधाऱ्यांनी वेशीत देवाची शपथ घालून विचारलं, आणि ज्याने पाहिलंय तो गप्प बसला, तर दोष त्याच्या माथ्यावर. बरोबर. त्याने आधी कबूल करायचं, मग मेंढी आणायची, नाही तर शेळी. ऐपत नसेल तर दोन पारवे. पारवेही परवडत नसतील तर... तर...”

तो अडकला. निळीच्या हातातला पट्टा अर्धा पिळलेला तसाच राहिला.

“तर काय?” तिने विचारलं.

“थांब, येतंय तोंडावर.”

“परवडत नसेल तर काय, बाबा? परत पाठवतात?”

“पीठ,” याजकाने मांडीवर थाप मारली. “सपीठ. एक माणूस दिवसभरात खाईल एवढं. त्यावर तेल नाही, धूप नाही. हं, सुटलो एकदाचा.” मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याचं घोकणं थांबलं. “का गं? काय झालं?”

जे झालं होतं ते दीड वर्षापूर्वी झालं होतं. गल्लीच्या मागच्या अंगणात अकरा घरांचं जवसाचं सूत वाळत पडलं होतं, अख्ख्या हिवाळ्याचं काम. दुपारची वेळ. भावाने रांजणाखालचा जाळ तसाच धगधगता ठेवला आणि तो आत जाऊन आडवा झाला. निळी छपरावर लडी टांगत होती. वारा उठला, जाळावरची एक पेटती चिंधी उडाली आणि भिंतीवरून पलीकडे सुतात जाऊन पडली, हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. ती ओरडली, लोक घागरी घेऊन धावले, पण घटकाभरात अंगणात काळी राख तेवढी राहिली.

त्याच भिंतीच्या सावलीला एक गाढववाला बसलेला होता. आदल्या दिवशी भाड्यावरून गल्लीशी त्याची कडाक्याची भांडणं झाली होती, आणि सकाळी त्याने तिथेच दोन काटक्या पेटवून हरभरे भाजले होते. एवढं पुरेसं होतं. प्रकरण वेशीत गेलं. थोरल्या पंचाने उभं राहून देवाची शपथ घातली: ज्याने पाहिलं त्याने बोलावं, नाही बोलला तर दोष त्याच्या माथ्यावर. निळी कडेवर घागर घेऊन गर्दीत उभी होती. तिच्या पुढेच भावाची मान दिसत होती. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. हीच मान आपल्या खांद्यावर टेकवून तिने त्याला झोपवलं होतं. ती बोलली नाही.

साक्षीदार नाही म्हणून पंचांना गाढववाल्याला शिक्षा करता आली नाही. पण गल्लीने त्याला आगलाव्या नाव ठेवलं, आणि मग कोण त्याच्या गाढवावर सूत लादणार? तीन गाढवांतली दोन त्याने विकली. रस्त्यात दिसला की बायका पोरांना आत ओढत. निळीही बाजूला होई, वेगळ्या कारणाने.

दीड वर्ष तिच्या कानात पंचाचं ते एकच वाक्य होतं, दोष माथ्यावर. ते वाक्य तिथेच संपतं असं ती धरून चालली होती. आणि आज उंबऱ्यावर बसलेला हा घाबरट माणूस सांगत होता की वाक्य पुढेही आहे. तिच्याच पापाचं नाव घेऊन कोणीतरी ते कधीच लिहून ठेवलं होतं, आणि तिच्यासारख्या फाटक्या बाईकडे मेंढी नसणार, पारवेही नसणार, इथपर्यंत विचार करून ठेवला होता. तिला एकदम रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू.

“बाबा, ती साक्षीदार मी आहे,” ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

याजकाचा चेहरा आधी उतरला, मग हळूहळू ताठ झाला. माणूस बोलघेवडा असला तरी अशा वेळी त्याने एकही शब्द वाया घालवला नाही.

“माझ्याकडे सांगून चालणार नाही,” तो म्हणाला. “जिथे गप्प बसलीस तिथे बोलायचं. वेशीत. पंच दुपारपर्यंत बसतात. मग पीठ घेऊन माझ्याकडे ये, संध्याकाळच्या अर्पणाच्या आधी.”

“पण पिठात जीव कुठे असतो? पापाला रक्त लागतं ना?”

“लागतं. वेदीवर रोज सकाळी सगळ्यांच्या वतीने एक कोकरू चढतं. तुझी मूठ त्या निखाऱ्यांवरच पडते. ती एकटी वेगळी नाही जळत तिथे.” त्याने तिच्या हातातून ओला पट्टा ओढून घेतला. “आणि तो गाढववाला आज मिठाच्या तांड्याबरोबर चाललाय. मला पहाटे भेटला. कायमचाच जातोय म्हणाला.”

निळीने हात पुसलेसुद्धा नाहीत.

आधी ती भावाकडे गेली. तो मागच्या खोलीत लडी मोजत होता. तिने दारातच सांगितलं, “मी वेशीत जाऊन खरं सांगणार आहे. तू आलास तर तूच सांग. तेच बरं दिसेल.”

त्याला काय ते लगेच कळलं. म्हणजे दीड वर्ष त्यालाही ते माहीत होतं.

“ताई, घरची अब्रू वेशीला टांगायला निघालीस?”

“वेशीलाच टांगायला निघालेय. नियमच तसा आहे.”

“अकरा घरांचं सूत मी कुठून भरू? माझी पोरं काय खातील?”

“आपण काय खातोय आत्ता? मला दीड वर्ष घास उतरत नाहीये. तुझं मला माहीत नाही.”

त्याने लडी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. “तू मला वाढवलंस,” तो म्हणाला, “म्हणून मला बुडवायचा हक्क आहे होय तुला?” थांबायला वेळ नव्हता. ती निघाली.

गल्लीतून ती चालत निघाली, लोहाराच्या दुकानापाशी तिची चाल वाढली, आणि चांभारांच्या बोळात शिरल्यावर ती चक्क पळायला लागली. चाळिशीची विधवा, हातांतून निळं पाणी ठिबकतंय, पदर कमरेला खोचलेला. एकीने विचारलं, “आग लागली का गं कुठे?” निळी पळता पळता म्हणाली, “लागली होती, ती विझवायला चाललेय.” तिची तिलाच गंमत वाटली. दीड वर्षात तिने कुणाला असं उलटून उत्तर दिलं नव्हतं.

वेशीत पंच उठायच्या बेतात होते. थोरल्या पंचाने काठी हातात घेतलीसुद्धा होती. बाहेरच्या पटांगणात मिठाचा तांडा लागला होता; उंट, खेचरं, पोती, दोरखंड, आरडाओरडा. आणि त्या गर्दीच्या कडेला गाढववाला आपल्या उरलेल्या गाढवाचा पट्टा आवळत होता.

“काका, बसा,” निळी धापा टाकत म्हणाली. “मला साक्ष द्यायची आहे.”

“कसली साक्ष? आज कुठला दावा नाही.”

“दीड वर्षापूर्वी तुम्ही शपथ घातली होती. त्याचं उत्तर आणलंय.”

थोरला पंच बसला. त्याच्यामागे बाकीचेही बसले. निळीने पटांगणाकडे वळून हाक मारली, आणि ती हाक गाढववाल्यालाच आहे हे लोकांना कळलं तेव्हा आवाज आपोआप कमी झाला. तो जवळ आला नाही, पण हातातला पट्टा त्याने सोडला.

तिने सगळं सांगितलं. छप्पर, वारा, चिंधी. जाळ कुणाचा होता ते सांगताना तिने नाव चुकवलं नाही. शेवटी ती म्हणाली, “तुम्ही विचारलं तेव्हा मी इथेच, या दगडापाशी उभी होते. मी पाहिलं होतं आणि मी बोलले नाही. या माणसाने काही केलं नाही. आगलाव्या म्हणायचं तर आमच्या घराला म्हणा.”

मग रंगाऱ्यांच्या गल्लीतली एक शेजारीण, जिचं सगळ्यांत जास्त सूत जळलं होतं, गर्दीतून पुढे आली, निळीकडे नुसतं बघत राहिली आणि काही न बोलता घरी निघून गेली. पंचाने भावाला बोलावणं पाठवलं. मग गाढववाल्याला विचारलं, “तुला काही म्हणायचंय?”

तो पहिल्यांदाच दोन पावलं पुढे आला. निळीला त्याने एकच गोष्ट विचारली.

“त्या दिवशी मी वर बघितलं होतं. छपरावर तू होतीस. मी म्हणालोही घरी, त्या बाईने पाहिलंय, ती बोलेल. तुला मी दिसत होतो?”

“दिसत होतास.”

“बरं,” तो म्हणाला.

“आता जाऊ नकोस,” निळी म्हणाली. “आता तुझ्यावर काही नाही.”

“तांड्याला शब्द दिलाय.” त्याने गाढवाचा पट्टा पुन्हा आवळला. तो वेशीतून बाहेर पडत होता तेव्हा थोरला पंच काठीवर भार देऊन उभा राहिला, आणि मग एकेक करत सगळेच पंच उभे राहिले. गाढववाल्याने ते पाहिलं. तो थबकला, पण वळला नाही.

निळी घरी आली ती अर्धी रडत आणि अर्धी घाईत. सूर्य माथ्यावरून कलला होता. सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांना फारसं दिसत नसे, पण गल्लीतली बातमी त्यांच्या कानांना चुकत नसे.

“केलंस ते बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “रोज झोपेत दात खायचीस. मला वाटायचं पोटात जंत झालेत. आता काय न्यायचं मंदिरात?”

“पीठ चालतं म्हणतात, आई. ऐपत नसली तर.”

“ऐपत नसायला काय झालं? माझे पारवे आहेत की.”

सासूबाईंचे दोन पारवे म्हणजे त्यांचा जीव. स्वतःच्या ताटातले दाणे त्या पाखरांना घालत. निळी नको नको म्हणत होती तरी म्हातारी भिंत चाचपत छपरावर पोहोचलीसुद्धा. मग जे झालं ते गल्लीने उभं राहून पाहिलं. सासूबाई दाणे दाखवून एका अंगाने, निळी टोपली घेऊन दुसऱ्या अंगाने. रोज हातावर येऊन बसणारी ती पाखरं त्या दिवशी कठड्यावरून दोरीवर, दोरीवरून कठड्यावर. एकदा तर निळीने टोपली बरोबर टाकली, पण ती सासूबाईंच्या हातावर. शेवटी दोन्ही पारवे फडफडत उडाले, शेजारच्या छपरावर बसले आणि तिथून या दोघींकडे बघत राहिले.

“देवालाच नको असतील,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना हायसं वाटलेलं लपत नव्हतं. “चल, पीठ काढ.”

पण डब्यात होतं ते भरड पीठ. सपीठ हवं होतं, मऊ, दोनदा चाळलेलं. एका माणसाच्या दिवसापुरते चांगले गहू होते ते निळीने जात्यात घातले आणि खुंटा धरला. जातं जड होतं आणि ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. तेवढ्यात समोर कुणीतरी येऊन बसलं आणि खुंट्याला दुसरा हात लागला. वेशीतून न बोलता निघून गेलेली ती शेजारीण होती.

“मी काही खूष नाहीये तुझ्यावर,” ती म्हणाली. “तुझ्या भावाकडून धागा न् धागा वसूल करणार आहे. पण एकटीने दळलंस तर उद्या पोहोचशील. ओढ.”

दोघींनी ओढलं. सासूबाईंनी चाळणीला हात लावून चाळलं, बोटांत धरून मऊपणा पाहिला, पुन्हा चाळलं. मग त्यांनी सवयीने तेलाची बुधली उचलली.

“तेल नाही, आई. कोरडंच न्यायचं.”

“नुसतं कोरडं?”

“पापाचं आहे. मेजवानीचं नाही.”

स्वच्छ फडक्यात पीठ बांधून निळी पुन्हा पळत सुटली. मंदिराच्या पायऱ्यांवर तिला धाप लागली, अंगणाच्या दाराशी रांग लागलेली होती. एकाजवळ मेंढी, एकाच्या खांद्यावर कोकरू, एका बाईच्या पिंजऱ्यात होले. निळीने पुरचुंडी छातीशी धरली. आत वेदीचा धूर सरळ वर चढत होता. भाजलेल्या मांसाचा, लाकडाचा आणि रक्ताचा वास एकत्र येत होता आणि तिला भीती वाटत होती, पण पाय मागे फिरत नव्हते.

रांग पुढे सरकली तेव्हा समोर गल्लीतलाच याजक उभा होता. नवा रंगवलेला पट्टा कमरेला, कपाळावर घाम. त्याने तिला ओळख दाखवली नाही, आणि ते तिला आवडलं.

“कबूल केलंस?” त्याने विचारलं.

“केलं.”

“कशाबद्दल आणलंयस?”

“मी पाहिलं होतं आणि बोलले नाही.”

त्याने पुरचुंडी सोडली. आत तेल नाही, धूप नाही, हे नीट पाहिलं. त्याचे ओठ हलत होते, नियम आठवत असावा. मग त्याने आपला मोठा पंजा पिठात घातला, भरली मूठ उचलली, वेदीपाशी गेला आणि जळत्या अर्पणाच्या वर ती सोडली. पीठ पडताना एक क्षण पांढरं दिसलं, मग कडेने तांबूस झालं, मग ज्वाळेत दिसेनासं झालं. त्या एका मुठीला जळायला किती वेळ लागणार? निळी डोळे न मिटता पाहत राहिली.

तो परत आला. “तुझ्यासाठी प्रायश्चित्त झालं,” तो म्हणाला. “तुला क्षमा झाली आहे.”

“पण तो गाढववाला गेला. थांबला नाही तो. त्याचं काय?”

“ते त्याच्याकडे. तो कधी आला तर विचार त्याला. वर देवाकडे जे होतं ते मिटलं.”

“पक्कं?”

याजकाने पहिल्यांदाच इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक करून म्हणाला, “अगं, आज मी एकही चूक केलेली नाही. पक्कं.”

निळी पायऱ्या उतरली. घरात आता भरड पीठ तेवढं उरलं होतं, पोटात सकाळपासून अन्न नव्हतं, आणि तिला धावावंसं वाटत होतं. रस्त्यातल्या अनोळखी बाईला तिने विनाकारण विचारलं, बरी आहेस ना? तिची ती हसत सुटली. घरी येऊन ती भिंतीला टेकली आणि उजेड असतानाच गाढ झोपली. सासूबाई म्हणतात, दात अजिबात वाजले नाहीत.

भावाने पंचांसमोर जाळ आपलाच असल्याचं मान्य केलं. अकरा घरांचं सूत दोन हंगामांत भरून द्यायचं ठरलं. तो निळीशी महिनाभर बोलला नाही. कामाचं काही सांगायचं असलं तर रांजणाला सांगे. ती रांजणालाच उत्तर देई. मग एका सकाळी त्याने विचारलं, “ताई, हा वास बघ, झालाय का?” आणि त्यानंतर पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

थंडी संपताना मिठाचा तांडा परत आला. गाढववाला त्याच्याबरोबर आला, आता दोन गाढवं घेऊन. तो मागच्या बोळाने न येता रंगाऱ्यांच्या गल्लीतून मधोमध आला. बायकांनी पोरांना आत ओढलं नाही. शेजारणीने तर त्याला थांबवून मिठाचा भाव विचारला आणि घासाघीस केली. निळीच्या दाराशी तो थांबला तेव्हा ती हात पुसत बाहेर आली. काय बोलावं याची तिने चार महिने तयारी केली होती. ऐन वेळी त्यातला एक शब्द आठवेना.

“माझं चुकलं,” एवढंच ती म्हणाली.

तो गाढवाची मान खाजवू लागला. “वाटेत विचार केला,” तो म्हणाला. “माफ केलं, असं अजून म्हणवत नाही. पण रोज सकाळी उठल्याबरोबर तुला एक शिवी द्यायचो, ती बंद केलीय.”

“मग बरंच आहे की.”

“बरंच आहे,” त्याने मान्य केलं. मग आत रंगशाळेत रचलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. “हे बाजारात जायचंय?”

“जायचंय. पण भाडं—”

“भाडं तेच, पूर्वीचं. कमी नाही.”

आत भाऊ उभा होता, सगळं ऐकत. क्षणभर त्याने निळीकडे पाहिलं. मग सगळ्यांत मोठा गठ्ठा त्याने स्वतः पाठीवर घेतला, बाहेर आणला आणि गाढवावर ठेवला. गाढववाल्याने दोर टाकला. पलीकडून भावाने तो पकडला, आणि दोघे मिळून गाठ आवळू लागले.